इटलीत नवीन आहात? आधी दारावर नाव लावा

दर सप्टेंबरात भारतातून नवी मुलं तोरीनोला शिकायला येतात. त्यांत पुणे, नाशिक, कोल्हापूरची असतातच. कुणाच्या तरी ओळखीने त्यांचे फोन मला येतात, आणि मी इथे इतकी वर्षं राहते म्हणून त्यांना वाटतं की मला सगळं ठाऊक असेल. सगळं ठाऊक नाही. पण एक गोष्ट पक्की कळली आहे. इथे नव्याने आलेल्या माणसाच्या बहुतेक अडचणी नाव आणि पत्ता या दोन गोष्टींतून सुरू होतात. प्रत्येक कचेरी आधीच्या कचेरीने दिलेला कागद मागते. एका कागदावर नाव एक आणि दुसऱ्यावर जरा वेगळं असेल, तर पुढचं सगळं तिथेच अडतं. म्हणून हा लेख ज्या क्रमाने कामं करायची त्याच क्रमाने लिहिला आहे.

निघण्यापूर्वी, घरी असतानाच

जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पदवीची कागदपत्रं यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घ्या. भारत आणि इटली दोघेही अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा तो शिक्का इथे चालतो. त्यानंतर इटालियन भाषांतर. हे काम इथून करायचं म्हटलं तर आईवडिलांना कचेऱ्यांचे हेलपाटे घालावे लागतात. जन्मदाखल्यावर आईवडिलांची नावं हवीत. जुन्या दाखल्यांवर कधीकधी बाळाचं नावच नसतं, ते आधी तपासा.

विद्यार्थ्यांनी आईवडिलांच्या उत्पन्नाची, घराची आणि बँकेतल्या शिलकीची कागदपत्रंही अशीच तयार ठेवावीत. इथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीही त्याच कागदांवर मिळते. चांगले गुण असूनही केवळ एक भाषांतर वेळेत न झाल्याने शिष्यवृत्ती हुकलेली मुलं मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षाला तो फटका फार मोठा असतो.

सामान भरताना लक्षात ठेवा, युरोपीय संघाबाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे घरीच राहू द्या. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्त्याची डहाळीसुद्धा चालत नाही. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, हापूसला नाही. गोडा मसाला, आमसुलं, हिंग, मेतकूट मात्र भरपूर आणा. आणि प्रेशर कुकर. त्याच्या दोन जादा रिंगा विसरू नका.

पहिला कागद: कोदीचे फिस्काले

हा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक. फोनचं सिमकार्ड, घराचा करार, बँक खातं, नोकरी, दवाखाना, सगळीकडे आधी हाच विचारतात. तो आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते या कर खात्याच्या कचेरीत पासपोर्ट दाखवून फुकट मिळतो. काहींना तो येण्याआधीच इटालियन वाणिज्य दूतावासाकडून मिळालेला असतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांसाठी तो दूतावास मुंबईत आहे.

आपल्या नावांची गंमत इथे उपयोगाची नाही, तिचा त्रास होतो, म्हणून जरा थांबून सांगते. या क्रमांकाची पहिली तीन अक्षरं आडनावातल्या व्यंजनांवरून घेतात, पुढची तीन नावातल्या. मग जन्मवर्षाचे दोन आकडे, महिन्याचं एक अक्षर, जन्मतारीख, जन्मस्थळाचा संकेत आणि शेवटी पडताळणीचं अक्षर. भारतात जन्मलेल्या सगळ्यांचा संकेत झेड-२२२. स्त्रियांच्या जन्मतारखेत चाळीस मिळवतात. सात तारखेला जन्मलेल्या मुलीच्या क्रमांकात ४७ दिसेल, ते चुकीचं नाही.

आता मराठी पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. समजा मुलाचं नाव अमित आणि वडिलांचं सुरेश. इथला कारकून नुसतं अमित लिहील तर अक्षरं येतात एम-टी-ए. अमित सुरेश लिहील तर येतात एम-एस-आर. चार किंवा जास्त व्यंजनं असली की पहिलं, तिसरं आणि चौथं घ्यायचं असा नियम आहे. माणूस एकच, पण क्रमांक दोन. एका कचेरीत एक, दुसऱ्या कचेरीत दुसरा. माझ्या बाबतीत हेच झालं होतं आणि ते निस्तरायला चार महिने गेले, कारण तोवर बँक एका क्रमांकावर होती आणि घराचा करार दुसऱ्या.

म्हणून खिडकीवर कागद हातात पडला की तिथेच उभं राहून पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहा. पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, कुठेही न गाळता, सगळीकडे. बायकांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. इथे लग्नानंतर कागदोपत्री आडनाव बदलत नाही. पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असेल, तर लग्नाचा दाखला कायम बरोबर असू द्या.

दुसरा कागद: राहण्याचा परवाना

पेरमेस्सो दी सोज्जोर्नो, बोलताना नुसतं पेरमेस्सो. इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो. व्हिसा वर्षभराचा आहे म्हणून निवांत बसू नका.

शिकायला आलेल्यांनी पोस्टात जावं. प्रत्येक पोस्टात हे काम होत नाही, ज्या पोस्टात स्पोर्तेल्लो आमीको नावाची खिडकी असते तिथे होतं. तिथे अर्जाचा लिफाफा फुकट मिळतो. काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत भरा. पासपोर्टच्या, व्हिसाच्या, प्रवेशपत्राच्या, विम्याच्या प्रती जोडा. लिफाफा चिकटवू नका, खिडकीवरचा माणूस आतले कागद तपासतो. सोळा युरोचा मार्का दा बोल्लो, म्हणजे मुद्रांक, लागतो. तो पोस्टात नाही, ताबाक्कीत मिळतो. काळ्या किंवा निळ्या पाटीवर पांढरा टी असलेलं दुकान म्हणजे ताबाक्की. तंबाखूचं दुकान असं नाव असलं तरी बसचं तिकीट, मुद्रांक, फोनचं रिचार्ज, बिल भरणं, सगळं तिथे होतं. पोस्टाचे तीस युरो, कार्ड छपाईचे ३०.४६ युरो आणि परवान्याच्या मुदतीनुसार चाळीस ते शंभर युरो शुल्क, असा खर्च धरून चला.

नोकरीच्या किंवा कुटुंब एकत्र येण्याच्या व्हिसावर आलेल्यांची वाट वेगळी आहे. त्यांनी आधी प्रेफेत्तूरा या जिल्हा कचेरीतल्या स्पोर्तेल्लो ऊनिको या खिडकीशी संपर्क साधायचा.

पोस्ट एक पावती देतं आणि क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे द्यायची तारीख. त्या तारखेला मूळ कागद आणि चार फोटो घेऊन जा. कार्ड हातात यायला महिने लागतात. तोवर ती पावती हाच तुमचा परवाना, ती लॅमिनेट करू नका आणि हरवू नका. पावतीवर शेंगेनमधल्या, म्हणजे आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, इतर देशांत फिरायला जाऊ नका. परवान्याचं नूतनीकरण चालू असताना दिवाळीला घरी जायचं असेल तर विमान थेट किंवा दुबई, दोहा, अबुधाबीमार्गे घ्या. फ्रँकफर्टमार्गे स्वस्त मिळालं म्हणून तिकीट काढलं आणि विमानतळावर अडले, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं.

अर्ज भरताना भीती वाटली तर पात्रोनातोत जा. कामगार संघटनांशी आणि संस्थांशी जोडलेली ही मदत केंद्रं प्रत्येक शहरात असतात आणि परवान्याचा अर्ज भरून देतात. बाहेर रांगेत उभे राहून शंभर-दोनशे युरो मागणारे आपलेच लोक भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

घर, आणि दारावरचं नाव

घराचा करार तोंडी चालत नाही. मालकाने तो तीस दिवसांत कर खात्यात नोंदवावा लागतो. नोंद नसलेला करार म्हणजे तुमच्याकडे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणजे पुढचं काहीच नाही. मालक म्हणाला की नोंद न करता भाडं पन्नास युरोने कमी घेतो, तर नम्रपणे नाही म्हणा. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं की घरमालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्या पत्राची प्रत मागून घ्या, क्वेस्तूरात विचारतात. मित्राच्या घरी राहत असाल तर हे पत्र मित्राने द्यायचं.

घर ताब्यात आलं की त्याच दिवशी खालच्या बेलच्या पट्टीवर आणि पत्रपेटीवर आपलं आडनाव लावा. साध्या कागदावर लिहून चिकटवलं तरी चालेल. इथे पत्त्यात बहुधा फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन नावावरून शोधतो आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. दहा लोकांच्या इमारतीत नव्या भाडेकरूचं नाव कुठे लावायचं म्हणून मुलं संकोच करतात. संकोच नको, तो तुमचा हक्क आहे. रजिस्टर पत्र आलं आणि तुम्ही घरी नसलात तर पेटीत चिठ्ठी पडते. पत्र पोस्टात तीस दिवस थांबतं, तेवढ्यात ओळखपत्र घेऊन सोडवून आणायचं.

नावाचं दुसरं काम त्याहून मोठं. कोमूनेत, म्हणजे नगरपालिकेत, आनाग्राफे या विभागात रेझिदेन्त्साची, म्हणजे राहत्या पत्त्याची, नोंद करायची असते. अर्ज दिल्यावर दोन दिवसांत नोंद होते, पण पुढच्या ४५ दिवसांत नगरपालिकेचा पोलीस खरंच तुम्ही तिथे राहता का हे बघायला येऊ शकतो. बेलवर नाव नसेल तर तो वर चढतही नाही आणि नोंद रद्द होते. या नोंदीवरच ओळखपत्र, कुटुंबाचा डॉक्टर, मुलांची शाळा आणि पुढे नागरिकत्वाची वर्षं मोजली जातात.

ओळखपत्र आता इलेक्ट्रॉनिक आहे. परदेशी माणसाच्या कार्डावर ते परदेश प्रवासाला चालणार नाही असं छापलेलं असतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ते सगळ्या बिगरयुरोपीय लोकांना तसंच मिळतं. याच कार्डावर किंवा स्पिद नावाच्या डिजिटल ओळखीवर सरकारी संकेतस्थळं उघडतात.

थंडीची काळजी घेऊन आलेल्यांना एक सांगते. घर गरम करायची तारीख कायद्याने ठरलेली असते. तोरीनो, मिलानोसारख्या उत्तरेकडच्या शहरांत १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, रोममध्ये १ नोव्हेंबरपासून. त्याआधी आठवडाभर गारठा पडला तर जाड पांघरूण हाच उपाय, म्हणून ते आधीच घेऊन ठेवा. घरातली वीजजोडणी बहुधा तीन किलोवॉटची असते. ओव्हन, कपडे धुण्याचं यंत्र आणि इंडक्शनची शेगडी एकदम लावली की अंधार होतो, आणि मीटर कधीकधी तळघरात असतं. पहिल्याच दिवशी ते कुठे आहे हे मालकाकडून बघून घ्या.

कचऱ्याचे नियम प्रत्येक कोमूनेचे वेगळे. ओला कचरा म्हणजे ऊमिदो कुजणाऱ्या पिशवीतच टाकतात, बाकी कागद, काच, प्लॅस्टिक वेगळं. चुकलं तर दंड होतो, आणि संपूर्ण इमारतीला झाला तर शेजाऱ्यांचं तोंड उतरतं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या आजींनाच विचारा, ओळखही होते.

आजारी पडल्यावर

इटलीची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९७८ च्या कायद्याने उभी राहिली आणि इथली ही माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. नोकरी करणाऱ्यांना नोंदणी फुकट. विद्यार्थ्यांना २०२४ पासून वर्षाला ७०० युरो भरावे लागतात, आधी ते दीडशेच्या घरात होते. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. ऑक्टोबरात भरले तरी डिसेंबरात संपतात, म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी खासगी विमा आणि जानेवारीत नोंदणी असा हिशेब पुष्कळ मुलं करतात.

नोंदणीनंतर यादीतून मेदिको दी बाझे, म्हणजे आपला कुटुंबाचा डॉक्टर, निवडायचा. तपासायचे पैसे तो घेत नाही. तज्ज्ञाकडे जायचं, रक्त तपासायचं तर त्याची चिठ्ठी लागते. भारतासारखं थेट हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन बसता येत नाही, आणि तज्ज्ञाच्या तारखेला कधी आठवडे, कधी महिने लागतात. साध्या तापाला हिरव्या क्रॉसच्या औषधांच्या दुकानात विचारा. तिथला फार्मासिस्ट शिकलेला असतो आणि मनापासून सांगतो. आपलं पॅरासिटामॉल इथे ताकिपिरीना नावाने ओळखतात. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आणीबाणीत फोन ११२.

स्वयंपाकघर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पहिल्या हिवाळ्यात माणूस ढासळतो तो कागदांमुळे जितका, तितकाच घासामुळे.

पोळीपासून सुरू करू. झिरो-झिरो लिहिलेलं पीठ म्हणजे आपला मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात. इन्तेग्राले, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ, दोन वाट्या घ्या आणि त्यात एक वाटी सेमोला रिमाचिनाता मिसळा. हे ड्युरम गव्हाचं दोनदा दळलेलं पिवळसर पीठ, दक्षिण इटलीतल्या पुल्यात पाव करायला वापरतात. पाणी जरा जास्त पितं, म्हणून कणीक सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. पोळी मऊ राहते. सेमोलीनो म्हणजे रवा, शिरा आणि उपमा दोन्ही छान होतात.

भाकरीसाठी ग्लूटेनविरहित पदार्थांच्या फळीवर किंवा सेंद्रिय मालाच्या दुकानात फारीना दी सोर्गो शोधा. सोर्गो म्हणजे ज्वारी. मील्यो पाहून बाजरी समजू नका, ते वेगळं तृणधान्य. आमारान्तो म्हणजे राजगिरा, उपासाची सोय झाली.

बेसन तर प्रत्येक सुपरमार्केटात, फारीना दी चेची नावाने. आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, हे काबुली चण्याचं, त्यामुळे चव किंचित गोडसर आणि भजी जरा वेगळी लागतात. पिठलं मात्र अगदी घरच्यासारखं होतं. या पिठाचं इटालियन लोकांनाही प्रेम आहे. लिगुरियात त्याची फारिनाता करतात, पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेली. लिव्होर्नोत तीच पावात घालून खातात. पालेर्मोत तळलेल्या वड्या करतात, त्यांना पानेल्ले म्हणतात. तोरीनोत मी पहिल्यांदा फारिनाता खाल्ली तेव्हा आईच्या धिरड्याची आठवण येऊन घास घशात अडकला. नव्या माणसाला मी आवर्जून तिथे नेते.

लेन्तीक्ये रोस्से म्हणजे मसूर डाळ, पंधरा मिनिटांत शिजते. तुरीची डाळ, पोहे, साबुदाणा यांसाठी भारतीय किंवा बांगलादेशी दुकानं. रोममध्ये प्यात्सा व्हित्तोरियोच्या आसपास, मिलानोत व्हिया पादोव्हावर, तोरीनोत पोर्ता पालात्सोच्या बाजारात. पोर्ता पालात्सो हा युरोपातल्या सर्वांत मोठ्या उघड्या बाजारांपैकी एक. आठवड्यात दुपारी उठतो, शनिवारी संध्याकाळपर्यंत चालतो, आणि बाजार उठायच्या वेळी भाजी स्वस्त होते.

कोथिंबीर समजून प्रेत्सेमोलो आणू नका, ती पार्सली. कोथिंबीर म्हणजे कोरियान्दोलो, आणि अनेकवचनी कोरियान्दोली म्हटलं तर दुकानदार कार्निव्हालमध्ये उधळायचे रंगीत कागदाचे तुकडे समजेल. चीमे दी रापा ही मोहरीच्या भाजीची जवळची नातलग, किंचित कडवट. लसूण आणि लाल मिरचीवर परता, भाकरीबरोबर झकास. ब्येतोला या पालेभाजीची पातळ भाजी पालकासारखी होते. तुपाला बुर्रो क्यारिफिकातो म्हणतात, पण साधं लोणी घरी कढवलेलं बरं.

नळाचं पाणी प्यायला चांगलं असतं. तोरीनोत रस्तोरस्ती बैलाच्या तोंडाचे हिरवे नळ दिसतील, त्यांना तोरेत म्हणतात. बाटली भरून घ्या.

शाकाहारी असाल तर

नुसतं शाकाहारी म्हणून भागत नाही. काय खात नाही ते एकेक सांगावं लागतं, कारण हॅमला काही लोक मांसात धरत नाहीत. पाठ करून ठेवा: नोन मान्जो कार्ने, पेशे, प्रोश्शूत्तो, म्हणजे मी मांस, मासे, हॅम खात नाही. अंडं नको तर त्यात ऊओव्हा जोडा.

पाकिटावर स्त्रुत्तो हा शब्द शोधा. ती डुकराची चरबी. रोमान्याच्या पारंपरिक प्यादीना या चपट्या रोटीत, काही पावांत, ग्रिसीनीत, फोकाच्यात ती असते. पार्मिज्यानो रेज्ज्यानो आणि ग्राना पादानो या चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण, काल्यो, वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाकिटावर काल्यो व्हेजेताले लिहिलेलं चीज घ्यावं, आणि पेस्तो या हिरव्या सॉसच्या बाटलीवरही बघावं, कारण त्यात चीज असतं. सूपचा रस्सा बहुधा मांसाचा. पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन, तेही प्राण्यांपासूनचं. ताज्या पास्त्यात अंडं असतं, पण पाकिटातला साधा सुका पास्ता नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. पिझ्झा मारिनारा हे नाव समुद्राचं असलं तरी त्यात मासे नसतात, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच. चीजही नको असेल तर यासारखा दुसरा पिझ्झा नाही.

हॉटेलात बिलावर कोपेर्तो दिसेल, ते टेबलाचं आणि पावाचं शुल्क. टिप सक्तीची नाही. बारमध्ये उभ्याने कॉफी स्वस्त, बसून महाग. नुसतं काफ्फे म्हटलं की घोटभर एस्प्रेसो येते, आणि लात्ते म्हटलं तर पेलाभर दूध. दुपारी अडीच ते संध्याकाळी सात बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. पोरं चार वाजता उपाशी फिरतात. तेव्हा पिझ्झाचे तुकडे विकणारं दुकान गाठा.

बोलणं

दुकानात शिरताना बोन्जोर्नो, संध्याकाळी बोनासेरा. हे न म्हणता थेट वस्तू मागणं उद्धटपणाचं वाटतं. अनोळखी माणसाला आणि वडीलधाऱ्याला लेई म्हणायचं, आपल्या अहो-जाहोसारखं. तू समोरच्याने सुरू केलं की मग आपण. मराठी माणसाला हे इंग्रजीपेक्षा लवकर जमतं.

प्रौढांसाठीच्या सरकारी शाळांत, ज्यांना चिपीया म्हणतात, इटालियन जवळजवळ फुकट शिकवतात. पहिल्या महिन्यात नाव घाला. वर्षभराचा किंवा जास्तीचा पहिला परवाना घेताना एकात्मतेच्या करारावर सही करावी लागते, त्यात दोन वर्षांत तीस गुण जमवायचे असतात आणि भाषेला त्यात वजन आहे. दीर्घ मुदतीच्या परवान्याला इटालियनची ए-२, नागरिकत्वाला त्याहून वरची बी-१ पातळी लागते. गाडी चालवायचा परवानाही भाषेशी बांधलेला आहे. भारतीय परवाना रेझिदेन्त्सापासून एक वर्ष चालतो, तोही भाषांतरासह, आणि तो बदलून मिळत नाही. नवा काढायचा तर इटालियनमधली लेखी परीक्षा, वीस मिनिटांत तीस विधानं, बरोबर की चूक, तीनपर्यंत चुका माफ.

बातम्या का वाचायच्या

कारण त्या तुमच्या दाराशी येतात. सगळ्यात आधी शोपेरो, संप. तो आधी जाहीर होतो, अनेकदा शुक्रवारी असतो, आणि १९९० च्या कायद्यामुळे ठरावीक तासांत सेवा चालू ठेवावी लागते. कामाच्या दिवशी प्रादेशिक रेल्वेसाठी ते तास सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. क्वेस्तूराच्या तारखेच्या आदल्या दिवशी संप आहे का हे नक्की बघा. ऑगस्टमध्ये अर्धा देश सुट्टीवर जातो. १५ ऑगस्ट ही आपली तारीख इथे फेर्रागोस्तो म्हणून पाळतात, त्या सुमाराला कुठलंही सरकारी काम धरू नका. प्रत्येक शहराच्या संताची सुट्टी वेगळी, मिलानोची ७ डिसेंबर, तोरीनोची २४ जून.

पावसाच्या इशाऱ्याचे रंग पिवळा, नारिंगी, लाल असतात. मे २०२३ मध्ये एमिलिया-रोमान्यात आलेल्या पुरानंतर मी लाल इशारा गांभीर्याने घेते, तळघरात आणि नदीकाठी जात नाही.

आणि मग आपल्यासंबंधीचे निर्णय. परदेशी कामगारांच्या कोट्याला देक्रेतो फ्लूस्सी म्हणतात. २०२६ ते २०२८ साठी तो जवळपास पाच लाखांचा ठरला आहे. गावातलं कुणी एजंटला लाखो रुपये देऊन या कोट्यातून यायला निघालं असेल, तर आधी मालक खरा आहे का, करार खरा आहे का हे विचारा. जून २०२४ मध्ये लातिनाजवळच्या शेतात यंत्रात हात तुटलेल्या सतनाम सिंग या भारतीय मजुराला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून देण्यात आलं आणि तो वारला. तो परवान्याविना, कागदांविना राबत होता. ती बातमी वाचून मी कित्येक रात्री झोपू शकले नाही, आणि तेव्हापासून कुणी विनाकरार कामाला जातो म्हटलं की मी त्याला जाऊ देत नाही.

नागरिकत्वासाठी युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला १९९२ च्या कायद्यानुसार दहा वर्षांचं सलग वास्तव्य लागतं. ते पाच वर्षांवर आणण्यासाठी ८ आणि ९ जून २०२५ ला सार्वमत झालं, पण ते ग्राह्य धरायला निम्म्याहून जास्त मतदारांनी मतदान करावं लागतं, आणि आले तीसेक टक्केच. म्हणून दहा वर्षं कायम आहेत. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा घ्यायचं की नाही हे घरच्यांशी बोलून ठरवा. पण हक्क तरी हातचा जाऊ देऊ नका. ही दहा वर्षं आनाग्राफेच्या नोंदीवर मोजतात आणि मध्ये खंड पडला तर मोजणी पुन्हा सुरू होते. खंड पडतो तो दोन ठिकाणी. परवाना नूतनीकरण झाल्यावर साठ दिवसांत कोमूनेत जाऊन इथेच राहतो असं पुन्हा लिहून द्यायचं असतं, ते पुष्कळ लोक विसरतात. आणि घर बदललं की वीस दिवसांच्या आत नवा पत्ता कोमूनेला कळवायचा. त्या दिवशी जुन्या बेलवरची नावाची पट्टी सोलून नव्या बेलवर चिकटवा.